वजनाच्या ऑपरेशननंतर घरी घ्यायचे रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन

वजन कमी करण्याचे ऑपरेशन होऊन घरी आलेल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. बेळगाव शहरातून, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून, आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजहूनही लोक येतात. कुणाचे ऑपरेशन इथेच झालेले असते, कुणाचे कोल्हापूर, पुणे, हुबळी किंवा गोव्याला. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत असतो, सिस्टरने घाईत समजावलेले असते ते कन्नडमध्ये, आणि खोक्यातली माहिती भिंग लावून वाचावी इतक्या बारीक अक्षरात. घरी पोहोचल्यावर प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरे मराठीत आणि मोठ्या अक्षरात हाताशी असावीत, म्हणून हे लिहिले आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे आधी सांगतो. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले आहेत तितके दिवस इंजेक्शन घ्या. बरे वाटते म्हणून, पोटावर डाग पडला म्हणून, किंवा सुईचा कंटाळा आला म्हणून मध्येच सोडू नका.

घरी आल्यावरही इंजेक्शन का?

ऑपरेशन दुर्बिणीने होते, टाके लहान असतात, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. त्यामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दवाखान्यातच संपला असे वाटते. प्रत्यक्षात या ऑपरेशननंतर होणाऱ्या बहुतेक गुठळ्या रुग्ण घरी गेल्यानंतरच्या आठवड्यांत होतात.

कारणे समजून घेतली तर इंजेक्शनचा कंटाळा कमी येतो. जास्त वजनामुळे पायांच्या शिरांतून रक्त आधीच सावकाश वर चढते. ऑपरेशनच्या वेळी पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात आणि टेबल डोक्याकडून वर, पायांकडून खाली असे तिरके करतात. दोन्हींमुळे रक्त पायांत साचून राहते. जखम झाली की रक्ताची गोठण्याची तयारी वाढते, आणि ती टाके सुकल्यानंतरही काही आठवडे टिकते. त्यात पहिले काही दिवस पाणी घोटाघोटाने जाते, उलट्या होतात आणि अंगातले पाणी कमी पडते. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत गुठळी तयार झाली आणि ती सुटून फुप्फुसात अडकली, तर माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो. या ऑपरेशननंतर जे थोडे मृत्यू होतात, त्यांच्या प्रमुख कारणांत फुप्फुसातली गुठळी येते.

बहुतेकांच्या चिठ्ठीवर एनॉक्सापॅरिन असते. भरलेल्या सिरिंजमध्ये मिळते, 20, 40, 60 अशा मिलिग्रॅममध्ये. आपल्या रक्तात गुठळीला आवर घालणारे अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन असतेच, हे औषध त्याला जोर देते. सुई टोचण्यापेक्षा गोळी का नाही, असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पोटाची रचना बदलल्यावर पहिल्या दिवसांत गोळी किती शोषली जाईल याचा भरवसा धरता येत नाही. कातडीखाली दिलेल्या औषधाला पोटाच्या रस्त्याने जावेच लागत नाही.

किती मिलिग्रॅम, दिवसातून एकदा की दोनदा, दोन आठवडे की चार, हे तुमचे वजन, मूत्रपिंडाची ताकद आणि आधीचा इतिहास बघून सर्जन ठरवतात. शेजारच्या रुग्णाचा डोस वेगळा असेल तर त्यात काही चुकलेले नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो लपवू नका, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते.

इंजेक्शन कसे घ्यायचे

वेळ ठरवून घ्या. दिवसातून एकच असेल तर दिवेलागणीची वेळ बऱ्याच घरांत सोयीची पडते, कुणी ना कुणी घरी असते. साबणाने हात धुवा आणि खुर्चीत थोडे मागे रेलून बसा, म्हणजे पोट नीट दिसेल. जागा पोटाच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला, बेंबीपासून निदान 5 सेंटीमीटर दूर. टाके, जुने व्रण, काळेनिळे डाग आणि साडीची किंवा पायजम्याची नाडी जिथे काचते ती जागा टाळा. एक दिवस उजवी बाजू, दुसऱ्या दिवशी डावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला ‘उ’ किंवा ‘डा’ लिहून ठेवा, म्हणजे बाजूही कळते आणि इंजेक्शन झाले की राहिले यावर घरात वाद होत नाहीत.

स्पिरिटच्या कापसाने जागा पुसा आणि वाळू द्या, ओल्या कातडीत टोचले तर चुरचुरते. टोपण सरळ ओढून काढा. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसेल. तो काढायचा नाही. दवाखान्यात इंजेक्शनमधली हवा काढताना आपण नेहमी बघतो, त्यामुळे बरेच जण इथेही तसे करतात आणि त्याबरोबर थोडे औषध सांडते. हा बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो, औषध पूर्ण आत जावे म्हणून. सिरिंजमधले सगळे औषध न देता त्यातला काही भागच द्यायला सांगितला असेल तर रीत वेगळी आहे. त्यासाठी दुकानात या, करून दाखवतो. सुईच्या टोकावर थेंब आला असेल तर सुई खाली धरून हलकी टिचकी मारा आणि तो पडू द्या. तो थेंब कातडीच्या वरच्या थरात लागला की डाग मोठा पडतो.

आता अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कातडीची जाड घडी धरा. सुई सरळ, 90 अंशांत, पूर्ण आत घाला. अर्धी सुई बाहेर ठेवली तर औषध वरच राहते आणि जास्त दुखते. मनात दहापर्यंत मोजत दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबा. घडी तोपर्यंत सोडू नका. सुई सरळ बाहेर काढा, मग चिमूट सोडा. कापसाने हलके दाबून धरा, पण चोळू नका. चोळण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते, आणि या इंजेक्शननंतर तीच सगळ्यांत जास्त काळेनिळे डाग पाडते. काही सिरिंजांवर सुरक्षा-आवरण असते, सुई बाहेर काढल्यावर दट्ट्या जोरात दाबला की सुई आपोआप झाकली जाते.

पहिल्या दिवशी हात थरथरणारच. घरच्या कुणी टोचले तरी चालते. पण एकदा तरी स्वतः करून बघा असे आम्ही सांगतो, कारण घरातली माणसे शेतावर, बाजारात, ड्युटीवर जातात आणि वेळ चुकते. दुकानात भिंतीजवळ बाकडे ठेवले आहे. पहिली सुई आमच्या फार्मासिस्टसमोर घ्या. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

एखादा डोस विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या. भरपाई म्हणून एका वेळी दोन टोचू नका.

काय चालत नाही

अंगदुखी किंवा डोकेदुखीला घरात जी गोळी सापडेल ती घेण्याची सवय या काळात बंद. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढतो, आणि वजनासाठी पोटाचे बायपास केलेल्यांच्या पोटातल्या जोडावर अल्सर होऊ शकतो. कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पॅरासिटामॉल साधारणपणे चालते, तरी सर्जनला विचारून घ्या. हृदयात स्टेंट असल्यामुळे अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आधीपासून चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, पण सर्जनला ते माहीत आहे ना याची खात्री करा. गर्भनिरोधक गोळ्यांचेही सांगा, त्यांतल्या काहींनी गुठळीचा धोका वाढतो.

गावच्या दवाखान्यात तापासाठी किंवा अशक्तपणासाठी कंबरेत इंजेक्शन घेण्याची आपल्याकडे रीत आहे. हे औषध चालू असताना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळू शकते. सुई घेण्याआधी डॉक्टरांना हे पत्रक दाखवा. बी-12 चे इंजेक्शन सांगितले असेल तर तेही कधी घ्यायचे हे सर्जनला विचारा. दात काढायचा असेल तर दंतवैद्यालाही आधी सांगा.

निपाणी पट्ट्यातल्या ग्राहकांना कळकळीने सांगतो, विडी, सिगारेट, तंबाखू आता नको. धूम्रपानाने गुठळीचा आणि अल्सरचा, दोन्हींचा धोका वाढतो.

निर्जळी उपवास या महिन्यात करू नका, मग ती आषाढी असली तरी. घोटाघोटाने, दिवसभर, डॉक्टरांनी सांगितलेले पाणी पोटात जाऊ द्या. अंथरुणात पडून राहू नका. अंगणात, गल्लीत, घरातल्या घरात, दर तासाला थोडे चाला. इंजेक्शन घेतले म्हणून चालणे सुटत नाही. पुण्याहून गाडीने घरी येत असाल तर वाटेत तासा-दीड तासाने उतरून चार पावले टाका.

कधी वाट बघत थांबायचे नाही

टोचलेल्या जागी लहान डाग किंवा हरभऱ्याएवढी गाठ येणे नेहमीचे आहे, ती आपोआप जिरते. पण एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, पाय गरम लागणे हे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडले, चक्कर येऊन पडलात, तर 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका कर्नाटकातही मिळते आणि महाराष्ट्रातही. सकाळपर्यंत वाट बघू नका.

पोटदुखी रोज वाढत असेल, तीही ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नका. या ऑपरेशननंतर क्वचित आतड्या-यकृताकडच्या शिरांतही गुठळी होते आणि तिची खूण पोटदुखीच असते.

रक्तस्रावाच्या खुणा म्हणजे रक्ताची उलटी, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, पसरत जाणारा मोठा डाग, किंवा काळी, चिकट, घाण वासाची शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती चिकट आणि तशा वासाची नसते. शंका आली तर दाखवाच. काही रुग्णांत या औषधाने रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) घटतात, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले असेल तर ती तारीख चुकवू नका.

विकत घेताना आणि घरी ठेवताना

चिठ्ठीशिवाय हे औषध आम्ही देत नाही. घेताना खोक्यावरचे मिलिग्रॅम आणि तारीख आमच्यासमोर तपासून घ्या. एनॉक्सापॅरिनऐवजी त्याच गटातले डाल्टेपॅरिन किंवा दुसरे काही आकड्याला आकडा जुळवून देता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या दुकानात ‘तेच आहे’ म्हणून काही वेगळे मिळाले तर आधी डॉक्टरांना फोन करा. एनॉक्सापॅरिन हे डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळणाऱ्या हेपरिन नावाच्या द्रव्यापासून बनते. ज्यांना धर्मामुळे किंवा आहारनियमामुळे ते नको असेल त्यांनी संकोच न करता ऑपरेशनआधीच सर्जनशी बोलावे. फोंडापॅरिनक्स हे रासायनिक रीतीने तयार केलेले औषध आहे, ते तुम्हाला चालेल का हे सर्जनच ठरवतील.

सिरिंज फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, आणि फ्रीजरमध्ये तर कधीच नको. ऊन न लागणाऱ्या कपाटात, मुलांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा. लाइट गेल्याने तिचे काही बिघडत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे मात्र पावसाळ्यात रस्ते अडतात, तिकडच्या ग्राहकांनी पूर्ण कोर्सच्या सिरिंजा एकदमच न्याव्यात. बिल जपून ठेवा, आरोग्य विम्यात डिस्चार्जनंतरच्या औषधांचा खर्च बऱ्याचदा मिळतो.

वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नका, बोटाला टोचते. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका. घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकलेली सुई सफाई करणाऱ्या बायामाणसांच्या हातात घुसते. भरलेली बाटली झाकण लावून आमच्याकडे आणा, आम्ही ती जैववैद्यकीय कचऱ्यात देतो. डॉक्टरांनी कोर्स लवकर थांबवला आणि सिरिंजा उरल्या, तर त्या ओळखीच्या दुसऱ्या रुग्णाला देऊ नका. सीलबंद असतील तर बिलासह परत आणा.