हजार वर्षांपूर्वी इथे गावंच नव्हती?

‘महाराष्ट्रात पूर्वी नुसतं दंडकारण्य होतं, गावं वसली ती गेल्या हजारेक वर्षांत,’ असा मेसेज फिरत असतो. पुराणकथा ऐकत वाढलेल्यांना ते पटणं साहजिकच आहे.

पण शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव पाहा. तिथल्या उत्खननात इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरं, धान्याची पेवं, जळलेला सातू. लहान मुलं तर घराच्या जमिनीखालीच, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली! काळ ठरला तो जळक्या अवशेषांच्या कार्बन मापनातून, म्हणजे त्यांत किरणोत्सारी कार्बन किती उरलाय ते मोजून.

तुमच्या गावाजवळही पांढरीचं, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीचं टेकाड असेल. राखाडी मातीत खापरं दिसली, तर तिथे जुनी वस्ती असण्याची शक्यता मोठी. किती जुनी, ते खापरांच्या घडणीवरून जाणकार सांगतील. तेवढं उकरू मात्र नका.