जलसमाधी : दिलेली आणि मिळालेली

बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींच्या बैठकीत एक फोटो टांगलेला आहे. नौसैनिकाचा पोशाख, वीस-बावीसचं वय, टोपीच्या फितीवर फक्त ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) एवढीच अक्षरं. खाली कुणीतरी सुबक वळणात लिहिलंय, ‘जलसमाधी, १९४२’. हे आजींचे धाकटे काका. घराणं मूळ रत्नागिरीकडचं. घरात सांगत आले ते असं की, काकांना झेंड्यात गुंडाळून, बंदुकांची सलामी देऊन समुद्रात सोडलं. त्यांचं नाव कुठल्या स्मारकावर आहे, एवढंच आजींना हवं होतं. मी मात्र दोन महिने भलतीकडेच शोधत होतो. फसवलं ते त्या एका शब्दाने.

आपल्याकडे जहाज बुडालं की जहाजासकट माणसांना ‘जलसमाधी मिळाली’ म्हणतात. आणि जहाजावर मेलेल्याचा देह विधीने पाण्यात सोडला तरी ‘जलसमाधी दिली’ म्हणतात. देणं आणि मिळणं. क्रियापद गाळलं की दोन्ही एकच दिसतं, आणि फोटोखाली क्रियापद कोण लिहितो?

दिलेल्या जलसमाधीला साक्षीदार असतात. जुन्या आरमारी रिवाजात मृतदेह त्याच्याच झोपायच्या कॅनव्हासच्या झोळीत शिवत. पायाशी वजन ठेवत, तोफेचा गोळा किंवा लोखंडाचा तुकडा, म्हणजे देह सरळ खाली जावा. शेवटचा टाका नाकातून घालायचा, माणूस खरोखर गेलाय याची खात्री म्हणून, असंही खलाशी सांगत. मग फळीवर देह, वर झेंडा, कप्तान प्रार्थना वाचतो, फळी उचलली की झेंड्याखालून देह घसरतो आणि झेंडा मागे उरतो. पाणबुड्यांच्या भीतीने युद्धात हे सगळं घाईने उरकलं जाई. पण एक गोष्ट होई ती होईच : जहाजाच्या लॉगबुकात नोंद. वेळ, अक्षांश, रेखांश.

मिळालेल्या जलसमाधीत यातलं काहीच नसतं. जहाज फुटतं, बुडतं, आणि हजेरीपटावरची नावं वाचल्यावर जे उत्तर देत नाहीत त्यांच्यापुढे लिहिलं जातं, ‘बेपत्ता, मृत मानले’.

म्हणून पहिला प्रश्न माणसाबद्दल विचारायचाच नाही, जहाजाबद्दल विचारायचा : ते बंदरात परत आलं का? विधी करायला तरंगतं जहाज लागतं. जहाज परतलं असेल तर त्याचं लॉगबुकही परतलेलं असतं. ब्रिटिश आरमाराची लॉगबुकं लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ‘एडीएम ५३’ या मालिकेत आहेत. जहाज बुडालं असेल तर लॉगबुकही माणसांबरोबर तळाशी गेलेलं असतं. (वाचलेल्यांना दुसऱ्या जहाजाने उचललं आणि त्यांतला एखादा तिथे जखमांनी गेला, तर नोंद त्या दुसऱ्या जहाजाच्या लॉगबुकात मिळते. आपलंच जहाज चाळत बसणारे इथे हमखास चुकतात.)

पहिल्या महायुद्धातली जटलंडची आरमारी लढाई घ्या, ३१ मे १९१६. ‘क्वीन मेरी’ ही ब्रिटिश युद्धनौका स्फोटाने फुटली आणि १,२६६ माणसं गेली. त्याच ताफ्यातल्या ‘लायन’वर तोफबुरुजात गोळा फुटला. मरीन दलाच्या मेजर फ्रान्सिस हार्वीने प्राणांतिक जखमी अवस्थेत खालच्या दारूकोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला, आणि जहाज वाचलं. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लायन तरंगत राहिली म्हणूनच हार्वीचा देह मानाने समुद्रात सोडता आला. क्वीन मेरीवरच्या खलाशाला मिळाली ती जलसमाधी, हार्वीला दिली ती जलसमाधी. लढाई तीच, दुपार तीच.

आता गंमत पाहा, स्मारकावर हा फरक पुसला जातो. महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा हिशेब सरळ आहे : जमिनीवर थडगं नाही, तर नाव स्मारकाच्या फलकावर. मग देह दिला असो की हरवला असो. ब्रिटिश आरमाराचे तीन एकसारखे स्तंभ आहेत, चॅटम, प्लिमथ आणि पोर्टस्मथला, आणि माणसाचा तळ जो असेल त्या स्तंभावर त्याचं नाव. हार्वी चॅटमला आहे. फलकावरून कळतं ते एवढंच की थडगं नाही. का नाही, ते कळत नाही. आणि उलटही होतं. वाहत किनाऱ्याला लागलेल्यांना थडगी मिळाली. जटलंडचे कितीतरी जण स्वीडन-नॉर्वेच्या मातीत आहेत. तेव्हा ‘बुडालेल्या जहाजावरचा, म्हणजे थडगं नसणारच’ हेही धरून चालू नये.

कुठला फलक, हे माणूस कुठल्या दलातला यावर ठरतं, कुठल्या पाण्यात गेला यावर नाही. व्यापारी जहाजांवरचे ब्रिटिश खलाशी लंडनच्या टॉवर हिलच्या स्मारकावर. समुद्रावर नाहीसे झालेले कितीतरी वैमानिक इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर. ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या १२४ व्या तुकडीला ‘बडोदा’ हे नाव गायकवाडांच्या देणगीमुळे मिळालं होतं, म्हणून रनिमीडचं नाव निघालं की बडोदेकराचे कान टवकारतातच. आपल्याकडच्या नौसैनिकांची आणि ‘लस्करां’ची, म्हणजे व्यापारी जहाजांवरच्या हिंदी खलाशांची, दुसऱ्या महायुद्धातली सहा हजारांहून अधिक नावं मुंबई आणि चितगाव इथल्या नोंदवहीत आहेत.

आणि १९४७ नंतरचं कुणी असेल तर त्या कमिशनकडे जाऊच नका, त्यांची मुदत ३१ डिसेंबर १९४७ ला संपते. भारतीय नौदलाची युद्धनौका ‘खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवला टेकाडावर काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती आहे. बडोद्याहून सहलीला जाणारे तिच्यापुढे फोटो काढतात आणि ‘इथेच समाधी आहे’ असं मुलांना सांगतात. समाधी तिथे नाही. जहाज दूर समुद्रात आहे, आणि माणसं त्याच्याबरोबर.

आजींच्या काकांकडे येतो. सलामीची गोष्ट खरी धरून मी परत आलेल्या जहाजांमागे लागलो होतो. फितीवरून काही कळेना, कारण युद्धकाळात गुप्ततेपायी टोपीवर जहाजाचं नाव घालत नसत. शेवटी आजींना सहज विचारलं, “काकांचं श्राद्ध कधी करायचे?”

“सर्वपित्रीला.”

“तिथीला नाही?”

“तिथी कुणाला ठाऊक होती? आजोबांनी नर्मदेकाठी चाणोदला जाऊन पालाशविधी केला, पळसाच्या पानांचा पुतळा करून. एवढंच आठवतं.”

झेंडा, सलामी, लॉगबुकातली वेळ हे सगळं झालं असतं तर तारीख घरी आली असती. तारखेवरून तिथी काढणं हे आजोबांच्या काळी पंचांगवाल्याचं पाच मिनिटांचं काम. हा पुरावा नव्हे, पण दिशा बदलायला पुरेसा होता. मग माळ्यावरची ट्रंक काढली. तळाशी टाइप केलेलं इंग्रजी पत्र सापडलं : ‘बेपत्ता, मृत मानले’, आणि तारखेआधी ‘च्या सुमारास’. वर सेवाक्रमांक. आता शोध आडनावावर नाही, क्रमांकावर करायचा. इंग्रज कारकुनाने कोकणी आडनावाचं काय केलं असेल ते देव जाणे.

पत्राचा अर्थ सांगितला तेव्हा आजी थोडा वेळ गप्प होत्या. “म्हणजे झेंडा-बिंडा काही नव्हतं,” म्हणाल्या. मग फोटोकडे बघून, “जलसमाधी राहू दे. खोटं नाहीये ना ते?”

“नाही आजी.”

“मग पुढे ‘मिळाली’ एवढं लिही. तुझं अक्षर बरं आहे.”