कार्बन डायऑक्साइड–कार्बोनिल आंतरक्रिया

कार्बन डायऑक्साइडचा रेणू आणि आल्डिहाइड, कीटोन, एस्टर, अमाइड अशा संयुगांतील कार्बोनिल गट (कार्बन आणि ऑक्सिजन यांचा दुहेरी बंध असलेला गट) यांच्यातील क्षीण आकर्षण. यात नवा सहसंयुज बंध तयार होत नाही. दोन्ही रेणू आपली घडण जवळजवळ जशीच्या तशी राखून शेजारी येतात आणि दाब उतरला किंवा तापमान वाढले की सुटतात. या आकर्षणाची ऊर्जा ढोबळमानाने 10 किलोजूल प्रतिमोल, म्हणजे पाण्याच्या दोन रेणूंमधील हायड्रोजन बंधाच्या निम्म्याच्या आसपास असते. साध्या दाबाच्या वायूत अशी जोडी फार काळ टिकत नाही. दाबाखाली मात्र रेणू दाटीने असतात, एक जोडी सुटताच दुसरी जुळते आणि एकत्रित परिणाम सहज मोजता येतो.

दाबाखालच्या दाट कार्बन डायऑक्साइडला पुष्कळदा हेक्झेनसारखा अध्रुवीय विद्रावक (इतर पदार्थ विरघळवणारे माध्यम) मानले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. रेणू सरळ रेषेत असल्याने त्याच्या दोन बंधांचे द्विध्रुव (धन आणि ऋण भारांच्या जोड्या) एकमेकांना रद्द करतात आणि एकूण द्विध्रुव परिबल शून्य येते. पण बंधांमधली ध्रुवीयता त्यामुळे नाहीशी होत नाही. मधल्या कार्बनवर अंशतः धन आणि दोन्ही टोकांच्या ऑक्सिजनवर अंशतः ऋण भार राहतो, म्हणून रेणूला ठळक चतुर्ध्रुव परिबल (पाठीला पाठ लावलेल्या दोन द्विध्रुवांची भाररचना) असते. जवळ आलेल्या रेणूला हे भार स्वतंत्रपणे जाणवतात. कार्बोनिल गटाच्या ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोड्या असतात. त्यांतली एक जोडी कार्बन डायऑक्साइडच्या कार्बनकडे रोखली जाते. येथे कार्बन डायऑक्साइड लुईस अम्लाची (इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणाऱ्याची) भूमिका घेतो, कार्बोनिल लुईस क्षारकाची (ती देणाऱ्याची).

गणिती अभ्यासांत या जोडीचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा येतो. कार्बोनिलचा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडच्या कार्बनपासून सुमारे 2.8 ते 2.9 अँगस्ट्रॉम अंतरावर थांबतो. या दोन अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसलेले अणू एकमेकांना टेकतात तेव्हा धरल्या जाणाऱ्या त्रिज्यांची) बेरीज सुमारे 3.2 अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे ही जवळीक नुसत्या स्पर्शाहून अधिक आहे. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन आल्डिहाइडच्या किंवा शेजारच्या मिथिल गटाच्या हायड्रोजनकडे झुकतो आणि तेथे एक दुबळा हायड्रोजन बंध जुळतो. एकच रेणू एका बाजूने इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि दुसऱ्या बाजूने देऊ करतो, हे या आंतरक्रियेचे सर्वांत लक्षवेधी अंग आहे.

प्रत्यक्ष पुरावा अवरक्त वर्णपटातून मिळाला. कार्बन डायऑक्साइडचे वाकण्याचे कंपन 667 प्रति सेंमी.च्या आसपास दिसते. हे कंपन एकमेकांना लंब अशा दोन प्रतलांत होते आणि एकट्या रेणूत दोन्हींची वारंवारता एकच असल्याने वर्णपटात एकच पट्टा उमटतो. 1996 मध्ये रसायनशास्त्रज्ञ सर्गेई काझारियन आणि सहकाऱ्यांनी पॉलिमिथिल मेथाक्रिलेटमध्ये, म्हणजे ॲक्रिलिकच्या काचेत, कार्बन डायऑक्साइड मुरवून पाहिला, तेव्हा हा पट्टा दुभंगला. कार्बोनिलचा ऑक्सिजन एका बाजूने जवळ आला की दोन प्रतले सारखी राहत नाहीत. कार्बोनिल नसलेल्या पॉलिएथिलिनमध्ये पट्टा दुभंगला नाही. पुरावा म्हणून हा फरक निर्णायक वाटतो.

2002 मध्ये रसायनशास्त्रज्ञ पूवथिंथोडियिल रवींद्रन आणि स्कॉट वॉलन यांनी ॲसिटिलीकृत शर्करांवर, म्हणजे ॲसिटेट गट जोडलेल्या शर्करांवर, काम केले. ग्लुकोज कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळत नाही म्हटले तरी चालेल. पण त्याच्या पाचही हायड्रॉक्सिल गटांच्या जागी ॲसिटेट गट बसवले की तोच सांगाडा कार्बन डायऑक्साइडचा मित्र बनतो. अशा शर्करेची पांढरी पूड दाबाखालच्या वायूत ठेवली, तर ती वायू शोषून ओलसर होते आणि पाहता पाहता द्रव बनते. फ्लोरिनयुक्त महागडी संयुगे टाळून कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळणारे पदार्थ बनवण्याचा हा स्वस्त मार्ग ठरला.

मात्र कार्बोनिल गट आहे, म्हणून पदार्थ विरघळेलच असे नाही. पॉलिव्हिनिल ॲसिटेट आणि पॉलिमिथिल ॲक्रिलेट यांच्या पुनरावर्ती घटकाचे सूत्र एकच आहे. फक्त एस्टर गट साखळीला कोणत्या बाजूने जोडला आहे, एवढाच फरक. तरी पहिला बहुवारिक (लांब साखळीचा रेणू, पॉलिमर) कार्बन डायऑक्साइडमध्ये बराच सहज विरघळतो, तर दुसऱ्याला कितीतरी जास्त दाब लागतो. पहिल्यात कार्बोनिल साखळीपासून दूर असल्याने वायूच्या रेणूंना तिथवर पोहोचणे सोपे जाते. शिवाय साखळ्यांचे आपापसातले आकर्षणही मोडावे लागते आणि कार्बोनिल गट एकमेकांनाही ओढतात. पॉलिमिथिल मेथाक्रिलेट फुगते, मऊ होते, पण विरघळत नाही, त्याचे एक कारण हेच.

उद्योगांत या आंतरक्रियेचा उपयोग मुख्यतः वायू वेगळे करण्यासाठी होतो. नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी प्रोपिलीन कार्बोनेट हे द्रव वापरतात. याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या अमाइन (नायट्रोजनयुक्त क्षारक) द्रावणात कार्बन डायऑक्साइड रासायनिक बंधाने अडकतो आणि तो सोडवण्यासाठी द्रावण तापवावे लागते. प्रोपिलीन कार्बोनेटमधून तो बहुतांशी दाब उतरवूनच मोकळा होतो, पण मुळात वायूत त्याचे प्रमाण आणि दाब दोन्ही भरपूर असावे लागतात. सेल्युलोज ॲसिटेटची पटलेही याच कामासाठी 1980 च्या दशकापासून वापरात आहेत. त्यांच्या ॲसिटेट गटांमुळे कार्बन डायऑक्साइड मिथेनपेक्षा अधिक विरघळतो आणि लवकर पार होतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब फार वाढला की मात्र पटल फुगते, साखळ्या सैल होतात आणि मिथेनही निसटू लागतो.