अंतर्देशीय रेल्वे मालटर्मिनलांचा विस्तार आणि सार्वजनिक निधी

बंदरापासून दूर, देशाच्या अंतर्भागात, रेल्वेने आलेला माल उतरवून घेणे, साठवणे, त्याची सीमाशुल्क तपासणी करणे आणि तो मालमोटारींवर चढवून देणे ही कामे जेथे एकाच आवारात होतात, त्या ठिकाणास अंतर्देशीय रेल्वे मालटर्मिनल म्हणतात. तेथे मुख्यतः कंटेनर हाताळले जात असतील तर त्यास अंतर्देशीय कंटेनर आगार म्हणतात; अलीकडे ‘ड्राय पोर्ट’ हा शब्दही मराठीत रुळला आहे. अशा टर्मिनलाची क्षमता वाढवण्यासाठी शासन, सार्वजनिक उपक्रम किंवा बंदर प्राधिकरण जो पैसा, जी जमीन वा जी सवलत देते, ती सर्व सार्वजनिक निधी या संज्ञेत मोडते. भारतात रोख अनुदान हा या निधीचा लहान भाग आहे. मोठा भाग जमिनीच्या भाड्यात, टर्मिनल मुख्य मार्गाला जोडणाऱ्या जोडरुळात आणि माफ केलेल्या आकारांत असतो, आणि त्यामुळे अर्थसंकल्पाची पाने चाळून तो सहसा हाती लागत नाही.

विस्ताराचा खर्च नेमका कशावर होतो, हे प्रत्यक्ष आवारात गेल्याशिवाय नीट ध्यानात येत नाही. भारतातील कंटेनरगाडी साधारणतः ४५ वाघिणींची असते. पाच-पाच वाघिणींचे नऊ संच जोडून ती बनते आणि तिच्यावर वीस फुटी कंटेनरांचे ९० नग एका थरात बसतात. अशी गाडी इंजिनासह एकसंध उभी राहायची तर सुमारे सातशे मीटर लांबीचा सरळ रूळ लागतो. जुन्या मालधक्क्यांचे रूळ अनेकदा याच्या निम्मेच असतात. मग गाडी तोडावी लागते: पुढचा भाग टर्मिनलात जातो, मागचा भाग शेजारच्या स्थानकाच्या लूप लाइनवर, म्हणजे गाड्या बाजूला उभ्या करण्याच्या रुळावर, थांबतो, आणि मार्ग एकेरी असेल तर ती लूप लाइन अडल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला आधीच्या स्थानकावर खोळंबावे लागते. टर्मिनलाने आणखी दोन क्रेन घेतल्या तरी हा खोळंबा मिनिटभरानेही कमी होत नाही. रूळ लांबवणे, नवे सांधे बसवणे, सिग्नल यंत्रणा बदलणे आणि विजेच्या तारा ओढणे हीच विस्ताराची खरी कामे आहेत, आणि ती बहुतांशी टर्मिनलाच्या कुंपणाबाहेर, रेल्वेच्या हद्दीत करावी लागतात.

कुंपणाच्या आतला मोठा खर्च फरशीचा असतो. भरलेला कंटेनर उचलून धरलेल्या रीच स्टॅकरच्या, म्हणजे कंटेनर उचलून रचणाऱ्या चाकांवरच्या यंत्राच्या, पुढच्या आसावर शंभर टनांच्या आसपास भार येतो. मराठवाड्यात व विदर्भात जेथे काळी माती आहे, तेथे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर हा भार पेलणारी फरशी घालायची तर माती खोलवर काढून मुरूम व खडीचे थर दाबून बसवावे लागतात. उद्‌घाटनाच्या छायाचित्रात क्रेन दिसते. फरशीखालच्या थरांवर किती पैसा गेला, ते ठेकेदाराच्या देयकातच कळते.

या कामांना सार्वजनिक पैसा का द्यावा, याचे नेहमीचे उत्तर असे की रेल्वेने माल नेल्याचा लाभ टर्मिनलाच्या मालकाबरोबर रस्त्यावरच्या इतरांनाही मिळतो: महामार्गावरील गर्दी, अपघात, डिझेलचा वापर आणि धूर कमी होतो, पण त्याचे मोल टर्मिनल आपल्या दरात वसूल करू शकत नाही. राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात देशातील मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा सुमारे २७ टक्के धरून तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दुसरे कारण कमी सांगितले जाते. कारखान्यापासून टर्मिनलापर्यंत मालाला मालमोटार लागतेच, त्यामुळे चढउतार वाढते आणि कमी अंतरावर रेल्वे महाग पडते. सरकारी मदत ही बऱ्याच अंशी या वाढीव चढउतारीची भरपाई असते. मात्र मदत मिळते म्हणून, पुरेसा माल नसलेल्या ठिकाणीही टर्मिनले उभी राहण्याचा धोका असतो, आणि या दृष्टीने पाहता मागणीचा अभ्यास हा कागद रंगवण्याचा भाग नसून निधीची पहिली अट असायला हवी.

भारतातील पहिले अंतर्देशीय कंटेनर आगार १९८१ मध्ये बेंगळुरू येथे सुरू झाले. आरंभीची आगारे रेल्वेच चालवीत असे. मार्च १९८८ मध्ये भारतीय कंटेनर निगम (कॉनकॉर) हा सार्वजनिक उपक्रम स्थापन झाला आणि १९८९ मध्ये त्याने रेल्वेकडून सात आगारे ताब्यात घेतली. पुढे दिल्लीतील तुघलकाबाद हे देशातील सर्वांत मोठे आगार बनले. या वाढीमागे रोख अनुदानापेक्षा रेल्वेच्या जमिनीचा आधार मोठा होता, कारण कॉनकॉरची अनेक आगारे रेल्वेच्या जमिनीवर होती आणि त्यांचे शुल्क जमिनीच्या बाजारभावावर न आकारता हाताळलेल्या कंटेनरांच्या संख्येवर आकारले जाई. २००६ मध्ये खासगी कंपन्यांना कंटेनरगाड्या चालवण्याची मुभा मिळाली. देशभर गाड्या चालवण्यासाठी ५० कोटी रुपयांचे नोंदणी शुल्क होते. या कंपन्यांना स्वतःची टर्मिनले बहुधा स्वतः जमीन विकत घेऊन बांधावी लागली, आणि शर्यत समपातळीवर नाही ही त्यांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही.

जमिनीच्या भाड्याचा प्रश्न १ एप्रिल २०२० पासून उघडपणे पुढे आला. त्या दिवसापासून कॉनकॉरला बाजारभावाच्या ६ टक्के दराने वार्षिक परवाना शुल्क लागू झाले, आणि त्यात दरवर्षी ७ टक्क्यांची वाढ होती. शहरालगतच्या, मोक्याच्या जमिनींवरील आगारांना हा दर परवडेना आणि निगमाने काही टर्मिनले रेल्वेला परत केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कॉनकॉरमधील ३०.८ टक्के हिस्सा विकण्यास मान्यता दिली होती. जमिनीचे भाडे ठरल्याशिवाय कंपनीची किंमत ठरवणे कठीण असल्याने तो विषयही याच प्रश्नापाशी अडला. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेच्या जमिनीवरील मालटर्मिनलांसाठी दर बाजारभावाच्या १.५ टक्क्यांवर आणला, मुदत ३५ वर्षांपर्यंत वाढवली, वार्षिक वाढ ६ टक्के ठेवली आणि पाच वर्षांत ३०० टर्मिनलांचे उद्दिष्ट जाहीर केले. जमीन १०० कोटी रुपये किमतीची मानली, तर पहिल्या वर्षाचे शुल्क ६ कोटींवरून दीड कोटीवर येते. उरलेले साडेचार कोटी अनुदान म्हणून कोठेही नोंदले जात नाहीत, पण ते सार्वजनिक मालमत्तेचे सोडलेले उत्पन्नच असते. जुन्या वापरकर्त्यांना नवा दर हवा असेल तर पारदर्शक, स्पर्धात्मक निविदेतून जावे लागेल अशी अट या धोरणात आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या गतिशक्ती मालटर्मिनल धोरणातही मदतीचे रूप असेच आहे. टर्मिनल बांधण्याचा खर्च प्रवर्तक करतो. रेल्वे मात्र विभागीय आकार, म्हणजे आराखडा-तपासणी व देखरेखीबद्दलचे शुल्क, घेत नाही, जोडरूळ रेल्वेच्या जमिनीतून जात असेल तर त्या पट्ट्याचे परवाना शुल्क घेत नाही, आणि लगतच्या स्थानकातील सामायिक वापराच्या सोयींचा तसेच वाटेत लागणाऱ्या नव्या ब्लॉक स्थानकाचा (गाड्यांच्या नियंत्रणासाठी दोन स्थानकांमध्ये उभारलेल्या ठाण्याचा) खर्च स्वतः उचलते. २०१० च्या खासगी मालटर्मिनल धोरणापेक्षा हे पाऊल पुढचे आहे आणि त्याचा परिणामही दिसला. २०२५ पर्यंत अशी शंभराहून अधिक टर्मिनले सुरू झाली होती.

थेट अनुदानाच्या योजना तुलनेने लहान आहेत. निर्यातीच्या पायाभूत सोयींसाठी राज्यांना मदत देणारी वाणिज्य मंत्रालयाची योजना २००२ पासून काही वर्षे चालली. तिच्या जागी २०१७ मध्ये आलेल्या योजनेत ड्राय पोर्ट पात्र धरले गेले, पण एका प्रकल्पाला साधारणतः २० कोटी रुपयांची मर्यादा ठेवली गेली. वर सांगितलेल्या फरशीचा खर्च पाहता ही रक्कम फार दूर पोहोचत नाही. भारतमाला या केंद्राच्या महामार्ग परियोजनेतील ३५ बहुविध लॉजिस्टिक पार्क (रस्ता, रेल्वे अशा अनेक साधनांनी येणारा माल हाताळणारी व साठवणारी संकुले) हा याहून मोठा उपक्रम असून त्यांची एकूण गुंतवणूक सुमारे ४६,००० कोटी रुपये अपेक्षित आहे. येथे खर्चाची विभागणी ठळक आहे: सरकारी कंपनी जमीन देते आणि कुंपणापर्यंतचा रस्ता, रेल्वे, पाणी व वीज आणून देते, आतले बांधकाम आणि चालवणे सवलतधारक खासगी कंपनीकडे असते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी येथील १५० एकरांचा, ६७३ कोटी रुपये अंदाजित खर्चाचा पार्क याच पद्धतीचा आहे. आसाममधील जोगीघोपा येथे मात्र खासगी भांडवल येण्याची वाट न पाहता सुमारे ६९४ कोटी रुपयांचे काम सरकारनेच हाती घेतले.

परदेशांत रोख अनुदानाची परंपरा अधिक स्पष्ट आहे. जर्मनीचे संघराज्य सरकार १९९८ पासून रस्ता–रेल्वे संयुक्त वाहतुकीच्या टर्मिनलांच्या बांधणीला व विस्ताराला मदत देत आले असून पात्र खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. टर्मिनल सर्व वाहतूकदारांना समान अटींवर खुले ठेवणे आणि ठरावीक वर्षे त्याच कामासाठी वापरणे बंधनकारक असते. स्वित्झर्लंडने तर आल्प्स ओलांडणारा माल रस्त्यावरून रेल्वेवर यावा म्हणून इटलीतील बुस्तो आर्सिझियो–गल्लाराते टर्मिनलालाही मदत केली. आपला पैसा परक्या देशाच्या फरशीत घालणे वरकरणी विचित्र वाटते, परंतु गाडी ज्या ठिकाणी रिकामी व्हायची तेथेच जागा नसेल, तर घरच्या बोगद्यांवर केलेला खर्च पुरता कामी येत नाही हा हिशेब त्यामागे आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याच्या बंदर प्राधिकरणाने चार्ल्स्टन बंदरापासून सुमारे ३४१ किलोमीटरवर ग्रीअर येथे २०१३ मध्ये अंतर्देशीय बंदर सुरू केले, आणि त्याच्या विस्तारासाठी २०१८ मध्ये केंद्रीय परिवहन खात्याचे अडीच कोटी डॉलरचे अनुदान मिळाले. तेथे माल आधीच ठरलेला होता, कारण बीएमडब्ल्यूचा मोटारकारखाना टर्मिनलाच्या शेजारीच आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची गुंतागुंत जालना येथे दिसते. पोलादाचे कारखाने, बियाणे उद्योग आणि कापूस यांच्या जोरावर दिनेगाव रेल्वे स्थानकालगत सुमारे १८० हेक्टरांवर जवाहरलाल नेहरू बंदराने ड्राय पोर्ट आखले आणि २५ डिसेंबर २०१५ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. पुढे हा प्रकल्प महामार्ग मंत्रालयाच्या लॉजिस्टिक पार्क योजनेशी जोडण्यात आला. येथे जमिनीचा पैसा बंदराचा, पार्कची योजना महामार्ग मंत्रालयाची आणि रूळ रेल्वेचा, असा तीन घरचा पाहुणा झाला आहे. शिवाय ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो आणि जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला झाला आहे, म्हणजे रेल्वेकडे माल वळवण्यासाठी एका हाताने खर्च करणाऱ्या सार्वजनिक तिजोरीने दुसऱ्या हाताने मालमोटारीची वाटही सोपी केली आहे. रेल्वेच्या बाजूने पाहता, छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या एकेरी मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मान्यता दिली. त्याचा अंदाजित खर्च २,१७९ कोटी रुपये आहे. दिनेगाव याच मार्गावर आहे, त्यामुळे तेथील टर्मिनलात दिवसाकाठी किती गाड्या घेता येतील हे या कामावर अवलंबून राहील. ड्राय पोर्टच्या खर्चात मात्र ही रक्कम धरलेली नाही.