रुग्ण मोजले, सेवा मोजायची राहिली

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत कोणी फार विचित्र वागू लागलं, की मोठी माणसं आवाज खाली आणून म्हणायची, "कारेलीबागेत दाखवावं लागेल." वेड्यांचं इस्पितळ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, पत्त्यावरूनच समजून घ्यायचं. त्या भिंतींपर्यंत कधीच न पोचणाऱ्या माणसाला उपचार कसे मिळतील, हा संशोधनाचा विषय आहे आणि त्यावर पैसा खर्च करावा, हे सुचायला मात्र बराच काळ गेला.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं 1946 मध्ये हिशेब मांडला होता: सुमारे 40 कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम 10,000 खाटा. इस्पितळं बांधून हे भागणार नाही, हे तेव्हाच दिसत होतं. मग 1975 च्या आसपास चंडीगढच्या डॉक्टरांनी हरियाणातल्या रायपूर रानीत आणि बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं जवळच्या साकलवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपचार करून पाहिले.

याच सुमारास वडोदरा या गोष्टीत येतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी मिळून तीव्र मानसिक आजारांचा मोठा अभ्यास हाती घेतला. केंद्रं चार: बंगळुरू, वडोदरा, कोलकाता, पतियाळा. नुसते रुग्ण मोजायचे नव्हते. थोडं प्रशिक्षण दिलं तर आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि घरोघर फिरणारे कर्मचारी हे आजार ओळखू शकतील का, हेही बघायचं होतं. अहवाल 1987 मध्ये आला. पैसा आपला, प्रश्नही आपला. आमच्या गावात याची आठवण कोणी काढताना मी तरी ऐकलेलं नाही.

अहवालाची वाट न पाहता 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला होता. बेल्लारी जिल्ह्यात त्याचा नमुना उभा राहिला आणि 1996 पासून तोच चार जिल्ह्यांतून देशभर पसरत गेला. सेवा कोणत्या गावांना द्यायची आणि तुलनेसाठी कोणती तिच्याविना ठेवायची, हे चिठ्ठ्या टाकून कुठेच ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे योजना चालते की नाही, यावर मतं पुष्कळ आणि पुरावा थोडा.

चाचणीची शिस्त पुढे आली ती बाहेरच्या पैशानं. गोव्यातली 'मानस' ही चाचणी, म्हणजे 'मनशांती सुधार शोध', ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या निधीवर चालली. 24 दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खाजगी. डॉक्टरांच्या जोडीला वैद्यकीय पदवी-बिदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशक. 2010 च्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्यात फरक स्पष्ट दिसला, खाजगीत दिसला नाही. (खाजगी डॉक्टर आधीच रुग्णाशी जरा जास्त वेळ बोलत असावेत, असा माझा तर्क.)

मध्य प्रदेशातल्या सिहोरमध्ये ब्रिटिश सरकारच्या मदतीनं 'प्राइम' हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला. तिथे भर आरोग्य केंद्रांवर होता, आणि उपचार घेणाऱ्यांचं गावांतलं प्रमाण काही लक्षणीय वाढलं नाही. उलट विदर्भात, टाटा ट्रस्टच्या पैशावर, 'विश्राम' प्रकल्पाचे कार्यकर्ते गावातच फिरले. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. ही मोजणी आधीची आणि नंतरची, चिठ्ठ्या टाकलेली चाचणी नव्हे. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

गुजरातेत 'आत्मीयता' ही गावपातळीवरची योजना आली ती नाशिक जिल्ह्यातून. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्रानं ती बांधली, ग्रँड चॅलेंजेस कॅनडानं पैसा दिला, आणि मेहसाणा जिल्ह्यातल्या 645 गावांत तिची चाचणी झाली. गावातलीच विश्वासू माणसं शेजाऱ्याचं ऐकून घेतात, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवतात, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवतात. इथे कोणत्याही गावाला कायमचं वगळलेलं नव्हतं. सेवा टप्प्याटप्प्यानं सगळीकडे जाणार होती, फक्त कोणाची पाळी आधी, ते चिठ्ठीवर. वाट पाहणारी गावं तोवर तुलनेला. सरपंचाला "तुमच्याकडे नाही" सांगण्यापेक्षा "तुमची पाळी पुढची" सांगणं सोपं, हेही या पद्धतीचं एक कारण असावं.

अनुदान मात्र ठरल्या तारखेला संपतं. पुढचे पगार कोणी द्यायचे, हे अहवालाच्या शेवटच्या पानावर 'शासनाने विचार करावा' इतक्यावर भागवलं जातं.

10 ऑक्टोबर 2022 ला केंद्र सरकारनं 14416 या क्रमांकावर 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू केली. गोव्याच्या 'मानस'शी तिचं नावापुरतंच साम्य, आणि चिठ्ठ्या टाकून, टप्प्याटप्प्यानं ती काही आणलेली नाही.