घरगुती रिमोट शटर ट्रिगर

कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडण्यासाठी हौशी छायाचित्रकार घरच्या घरी जोडतात ते साधन. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याचे बटण बोटाने दाबले तरी तो किंचित हलतो. १/३० सेकंदापासून एखाद्या सेकंदापर्यंतच्या एक्स्पोजरमध्ये (शटर उघडे राहण्याच्या वेळेत) हा धक्का चित्रात स्पष्ट उमटतो. एक्स्पोजर कित्येक मिनिटांचे असेल, तर तितका वेळ बटण दाबून उभे राहायचे कोणी, हाच प्रश्न पडतो.

कॅमेरा दुरून चालवण्याची खटपट जुनी आहे. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये धावत्या घोड्याची चित्रे घेतली, तेव्हा वाटेत ताणलेले दोरे घोड्याच्याच पायांनी ओढले जाऊन शटर सुटत गेले. फ्रान्समधील आर्थर बात्यू १८८८ च्या सुमारास पतंगाला कॅमेरा बांधून वर सोडत असे. सावकाश जळणारी वात दोऱ्यापर्यंत पोहोचली की दोरा तुटे आणि शटर सुटे.

आजच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात काम त्याहून सोपे आहे, कारण रिमोटच्या सॉकेटला फक्त एक स्विच हवा असतो. सॉकेटमध्ये बहुधा तीन संपर्क असतात: फोकस, शटर आणि दोघांचा सामाईक ग्राउंड. फोकसचा संपर्क ग्राउंडला टेकला की कॅमेरा बटण अर्धे दाबल्यासारखा जागा होतो आणि शटरचा टेकला की चित्र घेतो. लागणारा व्होल्टेज कॅमेराच पुरवतो, त्यामुळे अशा ट्रिगरला बॅटरी लागत नाही.

कॅननच्या प्राथमिक श्रेणीतील बऱ्याच ईओएस कॅमेऱ्यांत आणि पेंटॅक्सच्या अनेक कॅमेऱ्यांत हे सॉकेट २.५ मिमी स्टिरिओ जॅकचे असते. पिनचे टोक शटरचे, मधले कडे फोकसचे आणि बुडाचा भाग ग्राउंडचा. जुन्या मोबाइलच्या हँड्सफ्रीला हीच पिन असे, म्हणून पुष्कळांचा पहिला ट्रिगर त्याच वायरीतून जन्मतो. या वायरीत एक मेख आहे. आतल्या केसासारख्या तांब्याच्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो आणि तो खरवडून किंवा जाळून काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. डाग वरून चकचकीत दिसतो, पण जोड मेलेला असतो. म्हणून कॅमेऱ्याला लावण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक जोड तपासावा.

दोन बटणे बसवली तर फोकस आणि शटर वेगळे हाताळता येतात. एकच बटण ठेवायचे असल्यास दोन्ही संपर्क एकत्र जोडतात आणि लेन्स मॅन्युअल फोकसवर ठेवतात, नाहीतर कॅमेरा फोकस शोधत राहतो आणि क्षण निसटतो. बल्ब मोडसाठी, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते त्या मोडसाठी, सरकवून अडकणारा स्विच उत्तम.

सगळ्या कंपन्यांची रीत मात्र सारखी नाही. पॅनासॉनिकच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत चार भागांची पिन असते आणि कॅमेरा रोधाच्या किमतीवरून कोणते बटण दाबले ते ओळखतो, तेव्हा स्विचसोबत रेझिस्टरही बसवावे लागतात. निकॉन आणि सोनीची सॉकेटे बहुतेक त्यांच्या खास आकाराची असतात. तिथे पिन घडवत बसण्यापेक्षा एखादा स्वस्त तारेचा रिमोट कापून त्याची केबल वापरणे शहाणपणाचे.

बटणाच्या जागी टायमर, मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप) किंवा सेन्सर आला की ट्रिगर आपोआप चालतो. ५५५ या टायमर आयसीवर ठराविक अंतराने चित्रे घेणारा टाइमलॅप्स ट्रिगर बनतो. अशा वेळी मध्ये ४एन३५ किंवा पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर घालावाच. तो संदेश प्रकाशाने पलीकडे पोहोचवतो, त्यामुळे बाहेरचा व्होल्टेज कॅमेऱ्यात शिरत नाही. फ्लॅशची तार या सॉकेटला कधीही जोडू नये. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कावर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो.

तार नको असेल तर इन्फ्रारेडचा मार्ग आहे, अर्थात कॅमेऱ्यात त्याचा रिसीव्हर असेल तरच. नव्या अनेक कॅमेऱ्यांत तो नसतो. निकॉनच्या एमएल-एल३ रिमोटचा संकेत सुमारे ३८ किलोहर्ट्झवर चालतो. कॅननच्या आरसी-१ रिमोटचा संकेत म्हणजे सुमारे ३३ किलोहर्ट्झचे दोन छोटे झटके. त्यांच्यातले अंतर ७.३ मिलिसेकंद असेल तर चित्र लगेच निघते, ५.४ असेल तर दोन सेकंदांनी. एक एलईडी आणि मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर हे जमते. भर उन्हात पल्ला घटतो, हा तोटा.

ट्रिगर कितीही चपळ असो, कॅमेऱ्याचा स्वतःचा विलंब उरतोच. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात) आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत साधारण ५० ते १०० मिलिसेकंद जातात. विजेच्या छायाचित्रणात हे खपते, कारण एका लखलखाटात बहुधा एकामागोमाग अनेक झोत येतात आणि पहिल्याने ट्रिगर चालला तरी पुढचे हाती लागतात. फुटणाऱ्या फुग्याचे तसे नाही. तिथे अंधाऱ्या खोलीत शटर आधीच उघडे ठेवून आवाजाच्या सेन्सरने थेट फ्लॅश पेटवतात.