मंगलोरी कौलामागचे प्लेब्स्ट

ठाण्यात चरई-नौपाड्याकडचं एखादं कौलारू घर पुनर्विकासाला गेलं की उतरवलेल्या कौलांत कधी कधी ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865’ असा ठसा सापडतो आणि लगेच ‘दीडशे वर्षांचं कौल’ म्हणून फोटो फिरू लागतो. पण 1865 हे कारखाना निघाल्याचं साल. कौल त्यानंतर कधीही भाजलेलं असू शकतं. मिशनचे कारखाने पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्या ट्रस्टचा ठसा असेल तर ते पहिल्या महायुद्धानंतरचंच.

कारखाना काढणारे गेओर्ग प्लेब्स्ट जर्मन. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेतर्फे 1851 मध्ये ते मंगळूरला आले, तेही छापखान्यासाठी. मिशनपुढचा पेच मात्र पोटापाण्याचा होता. ख्रिस्ती झालेल्यांना जातीने वाळीत टाकलं की त्यांचा धंदाही बुडे. विणकाम सुरू केलं, ते पुरेना. प्लेब्स्टना यंत्रांची जाण होती आणि नेत्रावती-गुरुपूर नद्यांकाठी चिकणमाती मुबलक. मायदेशी जाऊन ते मातीकामाचं तंत्र शिकून आले आणि मंगळुरात जेप्पूला भट्टी लागली. सुरुवातीला दोन कुंभार, बैलांची एक जोडी, दिवसाला 560 कौलं.

आपली नळीची कौलं नुसती एकावर एक रचलेली. वारा, माकडं, मांजरं ती सरकवणार, म्हणून दरसाल पावसाआधी घर शाकारणं आलंच. मंगलोरी कौलाच्या कडेला खाच असते, तीत शेजारच्याचा कंगोरा अडकतो. ही युक्ती प्लेब्स्टची नव्हे. फ्रान्समध्ये अशी कौलं आधीपासून निघत होती. त्यांचं कसब मातीत होतं. ओली माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते. नळीचं कौल थोडं लहानमोठं निघालं तरी खपून जातं. खाचेचं एक जरी वाकडं भाजलं तरी अख्खी ओळ बसत नाही. त्यामुळे मळणं, साच्यात दाबणं, सावलीत सावकाश वाळवणं, भट्टीची आच, सगळंच काटेकोर हवं. धर्मप्रचाराचं काय व्हायचं ते झालं, प्लेब्स्टचं नाव राहावं ते या कामासाठी, असं मला वाटतं.

मिशनचे पुढे सात कौल कारखाने झाले. महायुद्धात ते शत्रूची मालमत्ता ठरले, सरकारने ताब्यात घेतले आणि नंतर ट्रस्टकडे दिले. तोवर मंगळुरात स्थानिक मालकांनीही भट्ट्या घातल्या होत्या. समुद्रमार्गे मुंबई बंदरात उतरणारा माल त्यांचाही असे.